गाणं ऐका, पण पस्तीस अंशांच्या आत

खेड्यात राहून तुम्हाला हाय-फाय सीडी प्लेअर घ्यायचा आहे? घ्या की. तालुक्यात आपण दोघंच असू बहुतेक. मी तुमच्याहून वर्षभरानं थोरला, म्हणून चार गोष्टी सांगतो. सल्ला फुकट आहे. नागपूरला कंपनीच्या सेवा केंद्रानं माझ्याकडून 'यात काही दोष नाही' एवढं सांगायचे ५९० रुपये घेतले. ५०० तपासणीचे, वर १८ टक्के जीएसटी. त्या मानानं माझा भाव पडलेलाच आहे, कापसासारखा.

सगळ्यात आधी पुण्यात एक भाचा पाहिजे. माझा आहे. दहा रिव्ह्यू वाचून त्यानं फोन केला, "मामा, या किमतीत याला तोड नाही. आवाज काय वॉर्म आहे, म्हणजे मऊ, भरदार!" आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. मे महिन्यात आमच्याकडे टाकीचं पाणी वॉर्म, उशी वॉर्म, मोटरसायकलचं सीट तर बसवत नाही इतकं वॉर्म. अकोला, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांची तर पेपरात रोज शर्यत लागलेली असते, आज पहिला नंबर कोणाचा. एवढा वॉर्मपणा दारात फुकट पडलेला असताना मी त्याचे बावीस हजार मोजले, चूक माझीच. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१. म्हणजे तीन क्विंटल. हा कागदावरचा हिशोब झाला. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो त्यात, सव्वातीन गेला, आणि काट्यात किती गेला ते मापाऱ्याला ठाऊक.

खोक्यातली माहितीपुस्तिका वाचू नका. वाचायचीच असेल तर थंडीत वाचा. मी मे महिन्यात वाचली, ट्रे अर्धा बाहेर येऊन अडकला तेव्हा. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय: वापरण्यायोग्य तापमान ५ ते ३५ अंश. त्या रात्री अकरा वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत ३७ होतं. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे चालायचं तर होळीपासून मृगापर्यंत प्लेअरला सुट्टी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो. इतकी सुट्टी आम्हालाही नव्हती, लोक काही का म्हणेनात.

कूलरसमोर ठेवून बघा. मग त्याच पानावरची पुढची ओळ वाचा: दमट हवेपासून दूर ठेवावे.

प्लेअर हलू नये, त्याच्याखाली जड दगडी पाट असावा, असं जाणकार सांगतात. त्यासाठी ग्रॅनाइट आणायची गरज नाही, घरचा पाटा काढा. मी ठेवला होता. आवाज खरंच सुधारला. ठेच्याची वेळ होईपर्यंत.

आता लाईनचं. आमच्याकडे वीज म्हणत नाहीत, लाईन म्हणतात. लाईन येते, लाईन जाते. रात्री थ्री फेज आली की ओलितासाठी सगळे पंप एकदम सुरू होतात आणि २३० व्होल्टचे १६० होतात. अशा वेळी प्लेअरचा डिस्प्ले पेंगलेल्या माणसासारखा डोळे मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो. स्टॅबिलायझर लावा, म्हणजे गाण्यात मधून मधून त्याची टक-टक येईल आणि ठेका कुठं चुकला ते शोधण्यात वेळ बरा जाईल. लाईन गेली की या यंत्राला काही आठवत नाही. नवव्या भजनावर असलात तरी पुन्हा एकपासून. सीडी आत असताना गेली तर सीडीही आत. ट्रे हातानं ओढू नका. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल तर आठ दिवस ओढू नका.

हे सगळं सोसून तुम्ही ऐकणार काय? इथं माझी जीभ जरा अडते, कारण आवाज चांगला आहे. खोटं कशाला बोलू.

आमचे बाबा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. हा तुकडोजी महाराजांचा मुलूख, इथं खंजिरीशिवाय भजन म्हणजे बिनमिठाची भाजी. २००६ साली मंडळानं वर्गणी काढून तालुक्याच्या स्टुडिओत अकरा भजनं रेकॉर्ड केली आणि बारा सीड्या मारून आणल्या. त्यातली एक आमच्याकडे उरली. बाकीच्या कुठं गेल्या विचारू नका. एक तर पाखरं येऊ नयेत म्हणून ज्वारीत टांगलेली मी स्वतः पाहिली. आमची इतकी वर्षं टीव्हीखालच्या डीव्हीडीवर वाजायची. खंजिरी ऐकली की वाटायचं, कोणी तरी पत्रा बडवून रायलं. नव्या प्लेअरवर पहिल्या दिवशी लावली तर कातड्याची थाप वेगळी आणि झांजांची छनछन वेगळी. थाप आधी छातीत, छनछन मागून कानात. चौथं भजन सुरू होण्याच्या आधी बाबा खाकरतात, आणि मागून कोणी तरी हळूच म्हणतं, "हं, घे आता." एकोणीस वर्षं ती सीडी घरात होती, हे कधी ऐकू आलं नव्हतं. सौ. पोळी तव्यावर टाकून दारात येऊन उभी राहिली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. म्हणाली, "मामाजी खाकरले ना?" पोळी करपली.

पुढचा सल्ला, कितवा ते माझ्याही ध्यानात राहिलं नाही: आवडतं गाणं सीडीच्या शेवटी ठेवू नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, जुन्या तबकडीच्या उलट. आतल्या अंगाला ती मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते, काठाकडं जाता जाता २०० वर येते. उन्हानं सीडीला जरासा बाक आला तर त्याचं हेलकावणं काठाला सगळ्यात जास्त. त्यात आमची मारलेली, म्हणजे कोऱ्या सीडीवर भरून घेतलेली सीडी. कंपनीत छापलेल्या सीडीपेक्षा ती प्रकाश कमी परत पाठवते. लेझर दमलेला असला की आधी तिथंच मार खातो. अकरावं भजन काठाला आहे. त्याच्यात शेवटची दोन मिनिटं फक्त बाबांची खंजिरी आहे. बरोबर तिथं प्लेअर थाप-थाप-थाप-थाप करत एकाच जागी उभा राहतो, चिखलात फसलेल्या बैलासारखा, आणि मग 'नो डिस्क' म्हणतो. सीडी त्याच्या पोटात फिरत असते आणि तो म्हणतो सीडी नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "गुर्जी, फिरून तर रायलं, मंग बोलून काहून नाई रायलं?"

कापूस घरात ठेवू नका. हो, भाव नाही म्हणून आपण सगळेच ठेवतो, अंगाला खाज सुटेपर्यंत ठेवतो. पण आमच्याकडे बैठकीच्या बाजूच्या खोलीत गंजी होती आणि तिची रुई प्लेअरच्या लेन्सवर जाऊन बसत होती. लेन्स केवढी, मसुराच्या डाळीएवढी, निळसर झाक असलेली. तिच्यावर पांढुरकी साय धरलेली. ज्या कापसाच्या पैशानं प्लेअर आला त्याच कापसानं त्याच्या डोळ्यात फूल पाडलं. मेडिकलवाल्याकडून स्पिरिट आणलं आणि पुसलं कशानं? कापसानंच. आठ दिवस बरा चालला.

मुंग्या आत शिरल्या तर त्यांना वॉरंटी कार्ड वाचून दाखवा.

तालुक्याला एक म्हातारा रेडिओवाला आहे, त्याच्याकडे चुकूनही जाऊ नका. त्यानं प्लेअर कानाशी धरला, बटण दाबून ट्रेची घरघर ऐकली आणि खोलायच्या आधीच सांगितलं, "गुर्जी, ट्रेचा बेल्ट ढिला झाला. गर्मीनं होते. सायकलच्या ट्यूबची रिंग कापून टाकतो, पन्नास रुपये द्या. अन् लेझर थकला, तो मात्र नवा लागन." असली खरी माणसं टाळा. कारण मागच्या स्क्रूवर चंदेरी स्टिकर असतो आणि तो फाटला की वॉरंटी संपली. स्टिकर जपायचा, आवाज गेला तर गेला.

म्हणून नागपूरला जा. अधिकृत सेवा केंद्रात. आमच्या गावाहून आधी यवतमाळ, तिथून दीडशे किलोमीटर नागपूर. खोकं मांडीवर घ्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट. सीडी प्लेअरला कसलीच सवलत नाही, आणि टपावर टाकायची हिंमत होत नाही. मी जूनमध्ये एकदा गेलो. "लेन्स साफ करत जा" असं सांगून पंधरा मिनिटांत परत पाठवलं. १२ डिसेंबरला पुन्हा गेलो. या वेळी मी चिठ्ठी लिहून नेली होती, मास्तरकी जात नाही: अकरावं भजन, अमुक मिनिट, ट्रे तीनदा दाबल्यावर उघडतो. सीडीपण सोबत दिली. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी खोक्यात टाकली आणि सीडी मला परत केली. "सर, आम्ही आमच्या डिस्कवर टेस्ट करतो." म्हटलं, बाबू, तुमच्या डिस्कवर तो माझ्या घरीही वाजेल, वाजत नाही ती ही आहे. "सर, प्रोसिजर आहे."

मग फोन करत राहा. पहिल्या आठवड्यात 'इंजिनिअर सुट्टीवर'. तिसऱ्यात 'पार्ट मागवला'. पाचव्यात 'कुठला पार्ट?'. सातव्यात फोन उचलणारी बाई नवीन होती, तिनं मलाच माझा तक्रार नंबर विचारला, नंतर मॉडेल, नंतर 'सर, टीव्ही आहे का?'. एकसष्टाव्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, घेऊन जा म्हणाले. गेलो. कागदावर लिहिलेलं: नो फॉल्ट फाऊंड. माझी चिठ्ठी खोक्यात होती तशीच, घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. मी म्हटलं, लावून दाखवा. त्यांनी लावला. खोलीत एसी, भिंतीवर २४ चा आकडा, त्यांची कोरी करकरीत सीडी, पहिलं गाणं, वीस सेकंद. वाजला! वाजणारच! म्हटलं, आता माझी लावा, अकरावं लावा. लावलं. थाप-थाप-थाप-थाप. नो डिस्क. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं सीडीकडं पाहिलं. "सर, ही ओरिजिनल डिस्क नाही ना." आणि वॉरंटी? ४ फेब्रुवारीला संपली. एकसष्ट दिवस यंत्र तुमच्या कपाटात पडलेलं, आणि दिवस माझे मोजले!

एवढ्यानंही मी गप्प बसलो असतो. मास्तर माणूस, सही करून निघालो होतो. तेवढ्यात तो पोरगा चांगुलपणानं म्हणाला, "काका, एवढा त्रास कशाला? यूट्यूबवर असेल ना हे भजन."

नाही रे बाबा. माझा बाप यूट्यूबवर नाही.

आता सल्ले-बिल्ले राहू द्या. सीडी जपानमध्ये दुकानात आली १९८२ च्या ऑक्टोबरात. चाळीस वर्षं उलटली. सीडीवर अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडला तरी तेवढी गेलेली माहिती जुळवून गाणं तुटू द्यायचं नाही, हे गणित तेव्हाच्या माणसांनी तेव्हाच बसवून ठेवलं. आणि तुम्हा कंपनीवाल्यांना आजही दोन रुपयांचा रबरी बेल्ट असा घालता येत नाही, जो एक उन्हाळा काढेल? कोणाला विकता तुम्ही हे? ३५ च्या वर चालत नसेल तर खोक्याच्या तोंडावर छापा, ठळक, जिथं तुमचं सोनेरी नाव छापता तिथं. शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात काय लपवता? आमचा पैसा घेताना तापमान विचारलं होतं? आणि तुम्ही रिव्ह्यूवाले, एसीत बसून चार दिवस यंत्र वाजवता, कंपनीला परत करता आणि लिहिता 'दणकट'. दोन उन्हाळे ठेवा घरात, मग लिहा. त्या पोराला मी बोललो नाही, त्याचा पगार माझ्या पेन्शनीहून कमी असेल. पण त्याच्या मागच्या काचेच्या खोलीत जो साहेब बसला होता, ज्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, त्याला लाज वाटायला पाहिजे होती. ती चिठ्ठी उघडायला किती वेळ लागतो?

परवा स्टिकर मीच नखानं फाडला आणि तालुक्याला गेलो. म्हाताऱ्यानं ट्यूबची रिंग टाकून दिली, पन्नासच घेतले. लेझर अमरावतीहून मागवतो म्हणाला. ट्रे आता एका दाबात उघडतो. काल संध्याकाळी दहाव्या भजनापर्यंत नीट आला आणि लाईन गेली. सीडी आत आहे. डीपी जळाली म्हणतात.