वादळ थांबल्यानंतरचा बर्फ

शहरातल्या बर्फाच्या वादळाचे व्हिडिओ फिरायला लागले की खाली हमखास कुणीतरी लिहितं, 'किती सुंदर! मजा आहे लोकांची.' मजा असते, मी नाही म्हणत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यात आवाज जिरतो आणि एरवी क्षणभर गप्प न बसणारं शहर चिडीचूप होतं. जपानमधल्या साप्पोरोत तर १९५० पासून बर्फाचा उत्सव भरतोय.

पण वादळ चालू असताना त्याला मजा म्हणणं मला अजिबात पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत काय झालं ते आठवा. बर्फ त्या शहराच्या पाचवीलाच पुजलेला. तरी तिथे आणि आसपास मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी अडकलेल्या गाडीत, कुणी उघड्यावर, कुणी चक्क स्वतःच्या घरात, हीटर बंद पडल्यामुळे. मदतीला निघालेल्या गाड्याही बर्फात रुतल्या. हाक मारली की कुणीतरी धावून येईल, या भरवशावर आपण शहरात राहतो. वादळ पहिल्यांदा तो भरवसाच हिरावून घेतं.

आणि मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या दिवसाची. वारा पडलेला असतो, लख्ख ऊन असतं, सगळे खुशीत बाहेर पडतात. एखादे आजोबा फावडं घेऊन दारातला बर्फ उपसायला लागतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, ओला बर्फ दगडासारखा जड, त्यात श्वास रोखून उचलायची सवय. हृदयविकाराचा झटका येतो तो अशा वेळी. शेजारी कुणी ऊब मिळावी म्हणून गाडी चालू करून आत बसतं. सायलेन्सर बर्फाने बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठतच नाही. वीज गेली म्हणून घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावला तरी तेच.

मुलांना खेळू द्या, फोटो काढा, जरूर काढा. फक्त गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सर मोकळा करा. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचं दार वाजवा. आणि घरातलं वयस्कर माणूस फावड्याकडे वळलं, तर ते हातातून काढून घ्या. रागावतील, रागावू देत.