मेसेजमधला मांडूळ अन् वावरातला मांडूळ

आमच्या आप्पांचं वावर अमळनेरकडे. त्यांनी एक मेसेज फॉरवर्ड केला अन् खाली स्वतःची एक ओळ टाकली: "भाऊ, आपला वावरमा बी निघस, गिऱ्हाईक देखजो." मग माझं डोकं सटकलं. मेसेज थोडक्यात असा, मांडूळ सापाला दोन तोंडं असतात, सहा महिने तो इकडून चालतो अन् सहा महिने तिकडून, अंगात इरिडियम असतं, आरशात दिसत नाही, जमिनीतलं गुप्तधन दाखवतो, अडीच किलोच्या वर भरला तर करोडो देणारी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तयार, अन् शेवटी "विषारी नाही, बिनधास्त हाताने धरा". हा कुठल्या दुनियेतला प्राणी आहे भो?

आरशात दिसत नाही म्हणे. अरे, मेसेजला त्याचाच फोटो जोडलाय, तो काय कॅमेऱ्याच्या काचेतून आला नाही का? इरिडियमचं तर बोलायलाच नको, तो धातू आहे, सापाच्या अंगात कुठून तयार होईल.

दोन तोंडांचं मात्र अर्धं मान्य करावं लागेल. मांडूळाची शेपटी खरंच बोथट असते, डोक्याएवढीच जाड, आणि घाबरला की तो डोकं वेटोळ्याखाली दडवतो अन् शेपटी वर करतो, म्हणजे वार झालाच तर शेपटीवर जावा. लांबून बघणारा फसतोच. पूर्वी काही गारुडी त्या शेपटीवर डागून डोळे-तोंड काढायचे, त्यातून ही गोष्ट अजून पक्की झाली. बाकी शेपटी ती शेपटीच, तिकडून तो सहा मिनिटंसुद्धा चालत नाही.

आता ते शेवटचं "हाताने धरा". बाकी सगळं हसण्यावारी न्या, पण हे लिहिणाऱ्याला कोणीतरी समोर बसवून विचारायला पाहिजे. मांडूळ बिनविषारी आहे हे खरं. पण रात्री मोटारीला लाईट आली म्हणून पाणी भरायला गेलेला माणूस, हातात एक टॉर्च, ढेकळाआड जाडजूड साप दिसतो, डोक्यात करोड रुपये, तो काय ओळखून हात घालणार? मांडूळ अख्खा तपकिरी किंवा काळपट, गुळगुळीत, मोठ्या सापाच्या अंगावर ठिपके नसतात. त्याचाच भाऊबंद डुरक्या घोणस, त्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग अन् खवले खरखरीत, तोही बिनविषारी. आणि खरी घोणस, तिच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी ठिपक्यांच्या, डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं दिसणारं. दिवसा बसून वाचायला सोपं आहे. अंधारात डुरक्या आणि घोणस यात भल्याभल्यांची गडबड होते. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं, किडनी जाऊ शकते, अन् तिथे भगताकडे नाही तर सरळ सरकारी दवाखान्यात अँटी स्नेक व्हेनमसाठी, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधासाठी, पळावं लागतं. हे मेसेजमध्ये एका शब्दाने नाही.

पार्टीचं सांगतो. पार्टी नसतेच. असतो तो दलाल, त्याच्यावर दुसरा दलाल, त्याच्यावर "मुंबईवाला", आणि प्रत्येकजण टेस्टिंगचे, गाडीचे, टोकनचे पैसे तुमच्याकडूनच काढतो. वजन भरावं म्हणून सापाच्या तोंडात छर्रे कोंबल्याच्या बातम्याही येतात, आतून फाटून मरतो बिचारा. पैसे बुडाले तर तक्रार करायची सोय नाही, कारण माल दाखवला की तुम्हीच आत.

आप्पांना मी फक्त कायदा वाचून दाखवला, बाकी वाद घातलाच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. त्यात कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे, आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, अन् तसा नुसता प्रयत्न करणं हेही त्यातच येतं. म्हणजे "मी मारला नाही, बादलीत ठेवला होता" हे साहेबापुढे चालत नाही. आपल्या वावरात निघाला म्हणून तो आपला होत नाही. गुप्तधनाच्या नावाखाली कोणी अघोरी पूजा मांडली तर त्याला महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा लागतो.

चाटला की कोड येतो असंही एक जण खाली लिहून गेलाय, ते सोडा, कोड चाटल्याने होत नाही.

वावरात हा प्राणी करतो काय, तर भुसभुशीत मातीत राहतो, रात्री निघतो, उंदीर आवळून खातो. अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देतो. ज्वारी-हरभऱ्याच्या वावरात उंदरांवर औषध टाकायला आपण पैसे घालतो, हा फुकट करतो. दिसला तर टॉर्च बाजूला घ्या, जाऊ द्या. घराजवळ असेल, काढावाच लागणार असेल, तर वनविभागाचा 1926 नंबर आहे. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, गावाच्या नावासकट तर अजिबात नाही, कारण तो फोटो बघून रात्री कुदळ घेऊन येणारे लोक आपल्याच तालुक्यात आहेत.