१८६५ सोड, १९४७ चं बोल

काल कट्ट्यावर अण्णाने विषय काढला, म्हणे अमेरिकेत गुलामगिरी १८६५ लाच संपली, दीडशे वर्षं उलटून गेली, कायदा आता सगळ्यांना सारखा, मग काळ्या लोकांचं अजून तेच का चाललंय. मी म्हटलं अरे १८६५ सोड, १९४७ चं बोल. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहत होतं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी हजारो एकसारखी घरं, कर्जाला सरकारची हमी. आणि करारात कलम काय, तर इथे गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही, घरकामाला नोकर म्हणून दुसऱ्या वर्णाचा माणूस चालेल! म्हणजे त्याच युद्धात लढून आलेल्या माणसाने तिथे भांडी घासायची, पण घर घ्यायचं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

बापू म्हणाला हे एका बिल्डरचं झालं. एका बिल्डरचं कसलं रे! १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे रंगवले, काळी वस्ती असली की बहुतेक लाल रंग, कर्ज द्यायला धोकादायक म्हणून शेरा. वस्तीच्या फॉर्मवर तर 'निग्रो' असा वेगळा रकानाच होता, आहेत का, किती टक्के. गृहकर्जाला हमी देणारं सरकारी खातं पण अशा वस्त्या टाळायचं.

अण्णा म्हणे पण रंग बघून घर नाकारायला बंदी घालणारा कायदा आला ना १९६८ ला. आला, पण तोवर गोऱ्यांच्या घरांचे भाव कुठल्या कुठे गेले होते, आणि मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे शेवटी घरच की, त्यावर पोरांचं कॉलेज होतं, धंद्याला कर्ज मिळतं, मागे काही उरतं. ज्याच्या आजोबाला घरच घेऊ दिलं नाही त्याच्या नातवाला वारसा कसला मिळणार? फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तिच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या, म्हणजे अर्धी कुटुंबं वर आणि अर्धी खाली अशा, गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० निघाली, सहापट फरक.

बापूने मग आशियाई लोकांचं काढलं, ते कसे पुढे गेले. पण परदेशातून कुणाला येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या १९६५ च्या कायद्याने त्यातले बरेचसे शिकलेलेच निवडून घेतले, तुलना कुणाशी करतोय आपण. गरीब गोऱ्यांचं काय हा अण्णाचा प्रश्न मात्र खरा आहे, तेही पिचलेत. पण त्यांना रंगामुळे कुणी घर नाकारलं नव्हतं.

निघताना अण्णाने विचारलं, ते कलम आता गेलं असेल ना. मी सांगितलं, असल्या करारांची अंमलबजावणी सुप्रीम कोर्टाने १९४८ लाच बंद केली, पण जुन्या कित्येक खरेदीखतांत ते वाक्य आजही तसंच छापलेलं सापडतं. अण्णा उठलेला परत बसला, म्हणाला, अजून?