वजा 784 रस्ते

प्रोग्रॅमिंगच्या सरावाचा प्रश्न दिसायला अगदी गरीब होता. चौकटींची जाळी, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, सरकायचं रेषांवरून, फक्त उजवीकडे नाहीतर खाली. एकूण रस्ते किती? हे तर कॉलेजातलं गणित, म्हणत मी बाह्या सरसावल्या. बाजूला n चौकटी असतील तर 2n चं फॅक्टोरियल (1 पासून 2n पर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार), भागिले n च्या फॅक्टोरियलचा वर्ग. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी. बाजू 2 असेल तर 6 रस्ते, 3 असेल तर 20, 10 ला 184756. सगळं बरोबर. मी खुर्चीत रेललो आणि 11 टाकले.

उत्तर आलं -784.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकही रस्ता नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण वजा 784? म्हणजे निघालेला माणूस पोहोचत तर नाहीच, वर कुणाचे तरी 784 रस्ते देणं लागतो?

भानगड 22 च्या फॅक्टोरियलची होती. जावाच्या लाँगमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या 64 बिटांच्या (0 किंवा 1 च्या 64 जागांच्या) डब्यात, 9223372036854775807 पर्यंतच मावतं. भास्कराचार्यांनी लीलावतीत शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील ते विचारलंय, उत्तर 10 चं फॅक्टोरियल, 3628800. रावणाच्या वीस हातांचं विचारलं असतं तरी 2432902008176640000 हे उत्तर लाँगमध्ये बसलं असतं. एकविसावा हात फुटला की आकडा मावेनासा होऊन थेट उणे. रावणाला वीसच हात देणाऱ्याला 64 बिटांची कल्पना असावी, असा माझा दाट संशय आहे.

राग याचा, की यंत्र चाचरतसुद्धा नाही. 33 टाकले तर म्हणालं, शून्य रस्ते. (66 च्या फॅक्टोरियलमध्ये 2 हा अवयव बरोबर 64 वेळा येतो, त्यामुळे शेवटचे 64 बिट कोरे करकरीत.) 34 ला तर छेदही शून्य झाला, आणि शून्याने भागायची वेळ आल्यावर प्रोग्रॅम आडवा पडला. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं. निदान कबुली तरी दिली.

कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारा बिगइंटिजर नावाचा तयार क्लास जावात आहे, हे मला ठाऊक होतं. पण अपमान झालेला माणूस तयार माल वापरत नाही. मी अ‍ॅरे, म्हणजे खणांची रांग, घेतला, एकेका खणात एकेक अंक, एकक आधी. असल्या आकड्यांचा भागाकार लिहिताना रडकुंडीला आलो, तेव्हा सुचलं की भागाकार हवाच कशाला? प्रत्येक कोपऱ्यावर पोहोचायचे रस्ते म्हणजे वरच्या कोपऱ्याचे अधिक डावीकडच्या कोपऱ्याचे. नुसती बेरीज!

बेरीज लिहिली. 3 च्या जाळीचं उत्तर 0. शेवटचा हातचा लिहायला विसरलो होतो. 6 आणि 4 मिळून शून्य होत होते. याच चुकीसाठी मी चौथीत पट्टी खाल्ली होती.

रात्री दोनला 100 च्या जाळीचं उत्तर आलं: 59 अंकी, धन चिन्हाचं. मोठ्या दिमाखात ते सादर केलं. उत्तर चूक, असा शेरा आला. मग प्रश्न पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती: उत्तराला 1000000007 ने भागून उरणारी बाकी लिहा.

अशा दोन बाक्यांची बेरीज फार तर 2000000012. ती लाँगहून लहान अशा साध्या इंटमध्येही मावते.