पेनिसिलिन

काल रात्री (२२ ऑगस्ट २०२४) कमला हॅरिसचं शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातलं, अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारण्याचं भाषण ऐकून झोपले (झोपले कसली, एक वाजला) आणि सकाळी उठून बघते तर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिच्या भारतीयपणाची ही थट्टा. "निवडणूक आली की हिला इडली आठवते." खाली लोळून हसणारे १४ इमोजी. लोळा.

मी मात्र तिच्या आईपाशीच अडकले. श्यामला गोपालन. १९ वर्षांची पोरगी, १९५८ साली एकटी कॅलिफोर्नियात आली, स्तनांच्या कॅन्सरवर इलाज शोधायचा म्हणून. आपल्याला अमेरिकेचं दार उघडणारा स्थलांतराचा कायदा १९६५चा, ही त्याच्याही आधीची. मग कमला म्हणाली, माझी आई पाच फुटांची, हुशार, सावळी बाई, बोलण्यात ॲक्सेंट असलेली. जग तिच्याशी कधी कधी कसं वागायचं, ते मी बघितलंय.

झालं. मला ते औषधांचं दुकानच दिसायला लागलं.

लेक तेव्हा नऊची. कान फुटलेला, अंगात ताप. मी काउंटरवर सांगतेय, हिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. एकदा, दोनदा, तीनदा. त्या माणसानं माझ्यावरची नजर काढली आणि लेकीकडे वाकून विचारलं, "मॉम काय म्हणतेय?" पोरीनं माझंच इंग्रजी त्याला इंग्रजीत सांगितलं. तेच शब्द, फक्त जीभ वळवून. त्याला लगेच कळलं! अकरा वर्षं टॅक्स भरत होते मी तेव्हा या देशात.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी बोलेन हं." मायेनं म्हणाली. तेच जास्त लागलं.

हो, प्रायमरी (पक्षातली उमेदवार निवडायची निवडणूक) न लढता तिकीट मिळालं, मान्य. किराण्याची महागाई एका वाक्यात गुंडाळली, तेही मान्य. पण म्हणून इडली? तुमच्यातल्या किती जणींचं बोलणं पोरांनी काउंटरवर समजावून सांगितलंय, ते लिहा ना ग्रुपवर. नाही लिहिणार.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

लेक आता १९ची. पहिलंच मत. काल अकराच्या सुमारास हॉस्टेलवरून तिचा मेसेज आला, एकच शब्द: "पेनिसिलिन." मला वाटायचं ती विसरली. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी तो विषय कधी काढलाच नव्हता.

फोन केला. जरा वेळ दोघीही गप्प. मग म्हणाली, "भाषण भारी होतं गं, पण एकाही पॅलेस्टिनी अमेरिकनाला मंचावर बोलू दिलं नाही, त्याचं काय?" मी म्हटलं, गाझाबद्दल बोलली की ती. "बोलली. दोन्ही दगडांवर पाय ठेवून." मत अजून ठरलेलं नाही म्हणे तिचं. मी वाद घातला नाही. (घातला. दहा मिनिटं.)

शेवटी एवढंच विचारलं, पोस्टानं मतपत्रिका मागवलीस का?

"मागच्याच आठवड्यात, आई."