यंदा काय घेतलं?

दसरा झाला की सुरू. पारावर, लग्नात, सोयऱ्यांच्या घरी एकच प्रश्न, "काहून जी, यंदा काही घेतलं नाही काय?" नाही घेतलं! टीव्ही दिसतो, फोन लागतो. मग कशाला घेऊ?

परवा पाहुणे आले. पाण्याचा गिलास तोंडाला लावायच्या आधी त्यांची नजर आमच्या टीव्हीवर. "आता शून्य टक्के व्याजावर मिळते ना!" अहो, व्याज शून्य असलं तरी हप्ता शून्य नसतो, आणि प्रोसेसिंग फी वेगळीच. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडेला रक्त सुकून काळं पडतं. तो पैसा घरात आठ दिवस तरी राहू द्या! पऱ्हाटी अजून वावरात उभी आणि हप्ता आधीच बांधलेला.

सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर. १९३६ साली गांधीजींसाठी तिथे घर बांधायचं ठरलं, तेव्हा सामान आसपासचंच हवं आणि खर्च ५०० रुपयांच्या वर नको, ही त्यांची अट होती. आमचे लोक तिथे हात जोडतात आणि परतताना वर्ध्यात नव्या मिक्सरचा भाव विचारतात. चीड येते हो!

या दिवाळीलाही काही घेणार नाही. आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला काढली आहे. विचारायचं तर त्या वाकळीबद्दल विचारा.