कम्युटेटरवर सिलिकॉन स्प्रे? हात लावू नका!

‘खाणीतल्या मोठ्या डीसी मोटरचा परफॉर्मन्स वाढवा, पाच सोपे उपाय’ हा मेसेज भोसरी-चिंचवडच्या वाइंडिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. काल भाच्याने तो मला पाठवला. “मामा, सोमवारी सिंगरौलीच्या कोळसा खाणीत ड्रॅगलाइनच्या (माती उपसणाऱ्या अजस्र यंत्राच्या) कामाला चाललोय. हे करून बघू का?” नाही!

सर्वांत घातक उपाय आधी: ‘कम्युटेटरवर सिलिकॉन स्प्रे मारा, ठिणग्या थांबतील.’ कम्युटेटर म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल; त्यावर टेकलेले कार्बनचे ब्रश करंट आत पोचवतात. अहो, सिलिकॉनची वाफ ब्रशखालच्या उष्णतेत आणि ठिणगीत फुटते आणि तिची सिलिका होते. सिलिका म्हणजे वाळूच! ती ब्रशला घासत राहते आणि महिनोन्महिने चालणारा ब्रश काही दिवसांत संपतो. स्प्रे थेट मारायलाच हवा असंही नाही. बंद मशीन हाउसमध्ये, म्हणजे मोटरी असतात त्या खोलीत, झाकणांच्या फटीत भरलेला सिलिकॉन सीलंटही पुरतो. ब्रश सच्छिद्र असतो, वाफ शोषून घेतो. स्प्रे लागलेला ब्रश पुसून परत लावू नका, बदला.

‘स्प्रिंग कसून घट्ट करा.’ ब्रश दाबून धरणारी स्प्रिंग, पण किती घट्ट? ब्रश बनवणाऱ्या मर्सनची टेक्निकल गाइड उघडा. साध्या औद्योगिक मशीनला दाब साधारण १८० ते २०० ग्रॅम प्रति चौरस सेंमी. २५ × ३२ मिमीचा ब्रश म्हणजे ८ चौरस सेंमी, म्हणजे दीड किलोच्या आसपास. मोजायचं असं: ब्रशखाली कागदाची पट्टी सरकवा, ताणकाट्याने ब्रश सरळ वर ओढा, पट्टी सैल होऊन निघते त्या क्षणी काटा वाचा. फार धक्के बसणाऱ्या मशीनला दाब जास्त लागतो, पण किती ते मेकर सांगतो, मेसेज नाही. जास्त दाबाने घर्षण आणि तापमान वाढतं, कमी दाबाने ठिणग्या. एका आर्मवरच्या (ब्रश ओळीने बसवलेल्या दांडीवरच्या) सगळ्या स्प्रिंगा सारख्या हव्यात, नाहीतर करंट सारखा वाटला जात नाही.

‘एमरी पेपरने आरसा करा.’ एमरीचे कण तांब्यात आणि ब्रशमध्ये रुततात. आणि कम्युटेटरवरचा चॉकलेटी थर हा मळ नव्हे! कॉपर ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतल्या ओलाव्याची ती फिल्म आहे, ब्रश तिच्यावरच सरकतो. आरसा केलात की ती पुन्हा शून्यापासून बनवायची. कम्युटेटर खडबडीत असेल तर कम्युटेटर स्टोन (घासायचा खास दगड) लावा, पट्ट्यांमधला इन्सुलेशनचा मायका उंच आला असेल तर १ ते १.५ मिमी अंडरकट करा, म्हणजे तांब्याच्या पातळीखाली कोरा.

‘ब्रश कुठलाही चालतो.’ चालत नाही. एका मशीनला एकच ग्रेड, म्हणजे ब्रशच्या कार्बनचा एकच प्रकार. ग्रेड मिसळले की कॉन्टॅक्ट ड्रॉप (ब्रश आणि कम्युटेटरमधली व्होल्टेजची घट) बदलतो, काही ब्रश जास्त करंट ओढतात आणि त्यांच्या पिगटेल (ब्रशला जोडलेल्या तांब्याच्या वायरी) निळ्या पडतात.

‘हवेचा फवारा मारून धूळ उडवा.’ धूळ काढायला हवी, हे अर्धं खरं, मान्य. पण फवाऱ्याने कार्बनची धूळ वाइंडिंगमध्ये आत शिरते आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) रीडिंग पडतं. व्हॅक्यूम वापरा, मग मेगर लावा.

भाच्या, स्प्रेचा डबा भोसरीतच राहू दे. बॅगेत ताणकाटा, कागदाच्या पट्ट्या, कम्युटेटर स्टोन आणि एकाच ग्रेडचा ब्रश सेट टाक.